बहिणीचा ओढा

मुरलीधरांनी बूट काढले, पँट दुमडली आणि ते ओढ्यात उतरले.

"बाबा, प्लीज, पाणी फ्रीझिंग आहे," काठावरून वरदा म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही.

उत्तर स्कॉटलंडच्या या खोऱ्यात एकेकाळी सोन्यासाठी माणसांची झुंबड उडाली होती. सोनं सरलं, माणसं पांगली. त्यानंतर शंभरेक वर्षांनी, साताऱ्याहून नुकतेच आलेले तरुण मुरलीधर जुना नकाशा सुधारायला इथे उन्हाळाभर राहिले. अँगस नावाचा म्हातारा मेंढपाळ त्यांच्याबरोबर हिंडायचा. या ओढ्याला नकाशात नाव नव्हतं. अँगस त्याला त्याच्या गॅलिक भाषेत 'अल्ट ना पेहर' म्हणायचा, बहिणीचा ओढा. त्याचे आजोबा भावाबरोबर इथली वाळू चाळायचे. जेवण घेऊन आलेल्या बहिणीला सोन्याचा पहिला कण दिसला, म्हणून ते नाव. आता ते आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे, नकाशात घाल, असं अँगस म्हणाला. मुरलीधरांनी शब्द दिला.

पण नकाशा छापणाऱ्या सरकारी कार्यालयाला नावासाठी दुसरा साक्षीदार हवा होता. तो मिळाला नाही, आणि त्याच हिवाळ्यात अँगस गेला. नकाशा छापून आला तेव्हा ती निळी रेघ निनावीच होती. पुढे लंडनच्या हॅरो भागात घर झालं, संसार झाला, वरदाची शाळा झाली; ती रेघ मात्र मनातून गेली नाही. यंदा त्यांनी लेकीला म्हटलं, एकदा घेऊन चल.

थोडं वर एक तरुणी पसरट ताटलीत वाळू घोळवत होती. कर्स्टी तिचं नाव, खालच्याच गावातली. सुट्टीच्या दिवशी हौस म्हणून सोन्याचे कण शोधायला यायची. मुरलीधरांनी सहज विचारल्यासारखं तिला ओढ्याचं नाव विचारलं.

"इंडियनचा ओढा," ती म्हणाली. "आजी सांगायची, फार पूर्वी एक इंडियन मुलगा इथे दुर्बीण लावून मोजत बसायचा. गावात सगळे हेच म्हणतात."

वरदा हसली. "बाबा, म्हणजे तुम्हीच की! थांबा, फोटो काढते."

मुरलीधर हसले नाहीत. पाण्यातून बाहेर येऊन कर्स्टीशेजारच्या दगडावर बसले. आपण म्हणू ते दोन-तीन शब्द आपल्यामागून म्हणशील का, असं त्यांनी विचारलं. तिने ताटली खाली ठेवली.

"अल्ट," ते म्हणाले.

"अल्ट."

"ना पेहर."

तिचा उच्चार चुकला. त्यांनी पुन्हा करून दाखवला, अँगस म्हणायचा तसा, ह हळूच सोडत. वरदाने उचललेला फोन खाली केला आणि तीही ओठांतल्या ओठांत म्हणून पाहू लागली.