अन्नपूर्णेखालचे तांदूळ

मी एक जुनी पितळी वाटी आहे. मित्रांनो, नुसती वाटी म्हणून नाक मुरडू नका. माझ्यात प्रत्यक्ष अन्नपूर्णा बसते! पंचफुलाबाई सोनपेठहून लग्न होऊन पोखर्णीला आल्या, तेव्हा त्यांच्या आईने बोटभर उंचीची ही देवी आणि तिचे आसन म्हणून मी, अशा दोघींना सोबत पाठवले.

सासूबाई सरजाबाई मला चिंचेने लख्ख घासत, माझ्यात तांदूळ भरत आणि त्यावर देवीला बसवत. आमच्या ज्वारीच्या मुलखात तांदूळ सणासुदीलाच दिसायचे, त्यामुळे माझा तोरा काही विचारू नका. नियमही कडक होता. हे तांदूळ बदलले की घरातच शिजवायचे. बाहेरच्याला दिले तर घराची बरकत जाते, असे सगळे मानत.

१९७८ च्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला. एसटी गाड्या बंद झाल्या. सोनपेठच्या शिक्षिका सत्यशीलाबाई तापाने फणफणलेल्या छोट्या लेकीसह आमच्या गावात अडकल्या. त्या बौद्ध आहेत हे कळताच शेजारची दारे लागली. पंचफुलाबाईंनी मात्र माहेरचे माणूस म्हणून त्यांना हाताला धरून घरात आणले. लेकरू कालपासून उपाशी होते आणि भाकरी त्याच्या घशाखाली उतरेना. मऊ भात हवा होता. घरात तांदूळ होते ते फक्त माझ्यात.

"आत्याबाई, वाटीतले घेऊ का?" पंचफुलाबाईंनी सासूबाईंना भीतभीत विचारले.

"येडी झालीस का? त्ये बाहेरच्याला द्यायचे नसतेत!" सरजाबाई कडाडल्या.

सत्यशीलाबाई लगेच उठल्या. "ऱ्हाऊ द्या, बाई. आमच्यापायी तुमचा देव रिकामा नको," म्हणत त्यांनी लेकीला खांद्यावर घेतले. पोर इतकी थकली होती की रडलीसुद्धा नाही. मला लय वाईट वाटले.

सरजाबाई त्या पोरीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बस खाली. लेकरू उपाशी गेल्यावर मी ह्या देवीला कोणत्या तोंडानं हात जोडू?"

त्यांनी स्वतःच्या हाताने देवीला उचलून पाटावर ठेवले आणि मला पातेल्यात उपडे केले. भात झाल्यावर घास फुंकून फुंकून त्यांनीच भरवला. पोर त्यांच्या मांडीवरच झोपली.

दुसऱ्या दिवशी सरजाबाईंनी माझ्यात ज्वारी भरली. शेजारच्या बायका कुजबुजल्या, "आता बघा, बरकत जाती का न्हाई." सरजाबाईंनी ढुंकूनही पाहिले नाही. तेव्हापासून आमची अन्नपूर्णा ज्वारीतच बसते आणि मजेत आहे.

आता माझा काठ चेपला आहे, घासायचीही कुणाला आठवण राहत नाही. पण मित्रांनो, अन्नपूर्णा या नावाचा अर्थ मला विचारा. भुकेल्याच्या तोंडी घास जातो, तिथे ती असते. तिला तांदळात खुशाल बसवा. दारात कुणी उपाशी आले, तर मात्र आधी तिला उठवा. ती रागावत नाही.