माठातला श्वास

दुपारी शाळेतून फोन आला. वर्ग चालू असताना बायको कोसळली आणि गेली. ती बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवायची. मी सुतार.

आठवड्याभरात सासूबाई मला एका बुवाकडे घेऊन गेल्या. जमिनीवर चाळीस माणसं, पुढे पाटावर माठ, त्यामागे पडदा. माठातून आधी कोणाचा तरी मेलेला भाऊ बोलला, मग ही. आवाज दोघांचा एकच. ‘स्स्स... श्श्श...’

‘शांत राहा म्हणते,’ बुवांनी अर्थ लावला. ‘सुखात आहे.’

सासूबाईंनी माझा हात दाबला. ‘तीच आहे. घरात दिवसभर हेच तर करायची.’

खरं होतं. ती वर्गासाठी घरी सराव करायची. मलाही वाटलं, तीच.

त्यानंतर चौथ्या दिवशी घरी कपाटात तिची कागदाची पट्टी सापडली. मुलांच्या ओठांसमोर ती हीच धरायची. स, श, ह म्हणताना श्वास वाहत राहतो, पट्टी फडफडत राहते. प, ठ, ख म्हणताना श्वास तोंडात आधी पुरता अडतो, मग सुटतो. पट्टीला एकच झटका. ‘आधी धावणारे, मग अडणारे,’ ती म्हणायची.

बुवांच्या पुढच्या बैठकीत मी पट्टी माठाच्या तोंडाशी धरली. ‘मला हाक मार. ठोक्या म्हण.’ घरात माझं नाव तेच होतं.

‘ह्ह्ह...’

पट्टी फडफडतच राहिली.

‘आत्म्याला जीभ नसते हो,’ बुवा म्हणाले.

‘मग श कुठून काढते, कोपरातून?’

मागे कोणीतरी हसलं. मी माठ उचलला. बुडाला भोक, भोकात रबरी नळी, आणि पडद्यामागे बुवांचा मेहुणा पायाने भाता दाबत बसलेला. नळी चिमटली की स, सैल सोडली की ह, पूर्ण दाबली की चिडीचूप. बाकी सगळं बुवांच्या तोंडचं.

लोकांनी भाता मेहुण्याच्या गळ्यात अडकवून त्याला रस्त्याने पळवलं. मीही हसलो.

सासूबाई रिकाम्या पाटाशी बसून होत्या. ‘निदान स्स तरी होता, जावईबापू,’ त्या म्हणाल्या. ‘आता तोही नाही.’

मी त्यांना हात देऊन उठवलं. तरी सांगतो, माठ बोलू लागला तर रडण्याआधी तो उचलून बघा. मेलेलं माणूस अर्ध्या मुळाक्षरांतही परत येत नाही.

तिच्या वर्गातली मुलं ह पर्यंत आली आहेत. प, ठ, ख शिकवायचे राहिले आहेत.