पीस आणि चार आणे

“मामा, अंगठा दाबलाय ना?” टेबलाशी उभ्या असलेल्या मंदाबाईंनी विचारलं.

“दाबलाय, बाई. करा नळी उलटी,” टेबलाखालून वाल्मीक म्हणाला.

वर नववीच्या पोरांनी “आईशप्पथ!” म्हणून गलका केला. काचेच्या लांब नळीत कबुतराचं पीस आणि चार आण्यांचं नाणं एकदम खाली आलं होतं. वाल्मीकला दिसल्या त्या फक्त बाईंच्या चपला. दरवर्षी तेवढंच दिसायचं.

त्याचं असं, भिवंडीच्या त्या शाळेत नळीतली हवा ओढायचा पंप होता, पण त्याचा रबरी पाइप सांध्यापाशी चिरलेला. नवा मागवतो, मागवतो म्हणता हेडमास्तर बदलले. पाइप काही आला नाही. मग प्रयोगशाळेचा शिपाई वाल्मीक खाली बसून एका हाताने पंपाचा दांडा हाणायचा आणि दुसऱ्या हाताचा अंगठा चिरेवर गच्च धरायचा. अंगठा सुटला की हवा आत, आणि पीस लागलं तरंगायला. एकट्याने करून बघावं, तर एक हात चिरेवर अडकलेला, आणि लांब नळी उलटी करायला दोन्ही हात लागायचे. आणि ‘मला दाखवा’ असं बाईंना म्हणायचं कोणत्या तोंडाने?

जवळच्या कोन गावातल्या घरी त्याची बायको शेवंता पॉवरलूमसाठी सुताच्या कांड्या भरायची. लग्न झालं तेव्हा त्याने मोठ्या ऐटीत तिला सांगितलं होतं, “हवा काढली ना, का पीस आन् पैसा संगंच पडतं.”

“चला, कायपन!” ती खो खो हसली होती. “दिसभर ह्या सुताच्या पुंजक्यांत बसतंय मी. पैशावानी कवा पडताना बघितलं न्हाय. तुमी सोता बघितलंय?”

“न्हाय.”

खोटं बोलणं त्या माणसाला जमायचंच नाही. पुढे प्रयोगाच्या दिवशी तो दारात आला की ती कांडीवरची नजर न काढता विचारायची, “दिसलं का वो?” आणि तो “न्हाय गं” म्हणून पाय धुवायला जायचा. गोष्ट केवढीशी, पण बायकोला एकदा छातीठोकपणे ‘दिसलं’ म्हणून सांगावं, एवढी एकच हौस त्याला उरली होती. गेल्या थंडीत शेवंता खोकून खोकून गेली. हौस मात्र गेली नाही.

तास संपला. पोरं पळाली. वाल्मीक टेबलाला धरून कण्हत उठला. महिनाअखेरीस तो निवृत्त होणार होता.

“सुटलात मामा,” बाई हसून म्हणाल्या. “बघून बघून वीट आला असेल ना या प्रयोगाचा?”

“मी कवा बघितला, बाई? मी खाली असतंय.”

बाईंचा चेहराच उतरला. इतकी वर्षं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी पदर खोचला.

“परत हवा ओढा. झाली की उठा, मी बसते तिथे.”

“बाई, साडी! खाली समदं तेल सांडलंय.”

“सांडू दे. अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवा.”

दमलेल्या हातांनी त्याने पुन्हा दांडा हाणला. बाई खरोखरच टेबलाखाली शिरल्या. वाल्मीकने नळी हातात घेतली. त्याने नळी उलटी केली. पीस ना डुललं, ना गिरकी घेतली; नाण्याच्या बरोबरीने सरळ खाली आलं.

“दिसलं का?” खालून बाईंनी विचारलं.

वाल्मीकला हुंदका आवरेना. त्याने बाहीने डोळे पुसले. “दिसलं, बाई,” तो म्हणाला.

संध्याकाळी त्याने घराचं कुलूप काढलं. आत कुणी काही विचारलं नाही. कोपऱ्यात शेवंताची कांड्यांची टोपली तशीच होती. तिच्या काठाला चिकटलेला सुताचा पुंजका त्याने सोडवला, खिशातून चार आणे काढले आणि दोन्ही हात उंच केले.

“दिसलं गं, शेवंता,” तो म्हणाला आणि दोन्ही सोडलं.

नाणं लगेच फरशीवर वाजलं. पुंजका दाराकडे गेला, परत फिरला, टोपलीवरून हेलकावे घेऊ लागला. वाल्मीकने चपलाही काढल्या नव्हत्या. पुंजका खाली टेकेपर्यंत म्हातारा तसाच उभा राहिला.