कोंबड्याच्या तुऱ्याची शंका

विचारणाऱ्याच्या श्रद्धेइतके ज्ञान उत्तर देणाऱ्याकडे नसेल, तर त्या उत्तराचा दोष उत्तर देणाऱ्यावरच राहतो. गंगाधररावांच्या बाबतीत तो माझ्यावर आहे.

मंडी मोहल्ल्यातील देवळात ते तीस वर्षे रोज सकाळी रुद्रपठण करीत. गेल्या माघात त्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. वरचे पुढचे दात हलू लागले. गोकुलममधील दंतवैद्य सुप्रीता आमच्या समाजातल्याच. हिरड्यांखालचे किटण खोलवर खरवडून काढावे आणि मग हिरडी भरून यावी म्हणून त्या पोकळीत हायलुरॉनिक अ‍ॅसिडचे जेल भरावे, असे त्यांनी सांगितले. मी शास्त्री; आमच्या घरांत औषधाची शुद्धाशुद्धता मला विचारण्याची रीत आहे, म्हणून गंगाधरराव तडक माझ्याकडे आले.

"अण्णा, हे जेल करतात तरी कशाचं?"

कधीकाळी वाचलेले आठवून मी म्हणालो, "कोंबड्याच्या तुऱ्याचं."

"अय्यो! उद्या रुद्र म्हणायला बसलो आणि आरवलो तर?"

आम्ही दोघेही हसलो. "नकोच ते," मी म्हणालो. "हळद-मीठ चोळा."

ते पुन्हा दवाखान्यात गेले नाहीत. खरवडणेही राहिले.

आठ महिन्यांनी प्रसादाचे खोबरे चावताना पुढचा एक दात त्यांच्या तळहातावर आला. तेव्हा मीच त्यांना घेऊन गेलो. इतके दिवस न येण्याचे कारण मी सांगितले. सुप्रीताबाईंनी एक्स-रे उजेडाकडे धरला.

"काका, मी वापरते ते जेल जंतूंच्या साहाय्यानं आंबवून करतात. कोंबड्याचा संबंधच नाही. आणि ते नुसतं जोडीला होतं हो. खरा उपचार साफसफाईचा. कोंबडा नको होता, ठीक. सफाईनं काय घोडं मारलं होतं?"

"जेलशिवाय चाललं असतं?" मी विचारले.

"चाललं असतं. एक फोन करायचा होता."

गंगाधरराव घाईने म्हणाले, "मग आता भर की, बाई. हवं तेवढं भर."

"इतकं झिजलेलं हाड जेलनं परत येत नाही, काका. पुढचे उरलेले तीन काढावे लागतील. मागचे किती टिकतात, बघू."

दात काढले. मागच्या हिरड्या खरवडून तिथे जेलही भरले. सूज थोडी उतरली. पुढे कवळी बसली, पण तिच्यातून वारा सुटतो आणि अक्षरे सांडतात. सदोष पाठ देवापुढे ठेवू नये, हे गंगाधररावांनीच इतरांना शिकविलेले. आता ते देवळात खांबाशी ओठ मिटून बसतात.

एकदाच म्हणाले, "तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं, अण्णा."

त्यात राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

त्यांचे मौन देव पाठासारखेच ऐको. सुप्रीताबाईंच्या हाताला यश येवो. आणि यापुढे माझ्या दारी शंका घेऊन येणाऱ्याला, ठाऊक नसेल तेव्हा ‘ठाऊक नाही’ असे सांगणारा शास्त्री माझ्यात भेटो.