मीठ घातलेली कॉफी

बेकरीवाला आणि रंगारी वर्षातून एकदा शहर खायला निघत. बेकरीची भट्टी डागडुजीसाठी थंड करायची, तो दिवस त्यांचा. रीतही ठरलेली: एका ठिकाणी एकच बशी, दोन चमचे, पहिला घास बेकरीवाल्याचा. मग रंगारी चाखायचा आणि भांडण सुरू. "आंबट आहे." "कुठे आंबट? जीभ तासून घे तुझी!" शब्दाला शब्द लागायचा, शेजारची माणसं माना वळवून बघायची, आणि दोघांचं निम्मं पोट त्या भांडणानंच भरायचं.

यंदा मात्र रंगारी भांडेचना. मासळीच्या टपरीवर बेकरीवाला खूश झालेला दिसला, तर हा म्हणाला, "वा, ताजी आहे." खानावळीत सूप पिऊन त्यानं नाक मुरडलं, तर हा म्हणतो, "पाणचट आहे, नाही?" बिअरची तीच गत. सगळ्याला होला हो. नव्या जावयानं सासऱ्याची राखावी तशी हा आपली मर्जी राखतोय, असं वाटून बेकरीवाल्याचं डोकं तापलं. आणि त्याला एक वाईट खोड होती. राग आला की तो चेष्टेवर उतरायचा.

पुलाजवळच्या कॉफीच्या दुकानात रंगारी हात धुवायला गेला, तेवढ्यात बेकरीवाल्यानं त्याच्या कपात दोन चमचे मीठ ढवळलं आणि शेजारच्या टेबलाला डोळा मारला. रंगारी येऊन बसला. बेकरीवाल्यानं आपल्या कपातला घोट घेतला आणि समाधानानं डोळे मिटले. रंगाऱ्यानं ते पाहिलं, मग आपला कप तोंडाला लावला.

"वा! काय झकास कॉफी आहे."

शेजारच्या टेबलावर हशा पिकला. "मीठ आहे त्यात, लेका, मीठ!" बेकरीवाला ओरडला. "माझ्या तोंडावर खोटं बोलतोस? इतकी वर्षं हेच करत आलास का?"

रंगाऱ्याचे कान लाल झाले. त्यानं कप हळूच बशीत ठेवला, "बरं आहे," म्हणाला आणि निघून गेला.

रात्रभर बेकरीवाल्याला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी भट्टीतला पहिला पाव कागदात गुंडाळून तो रंगाऱ्याच्या घरी गेला. दार वहिनींनी उघडलं.

"भावजी, तुम्हाला माहीतच नव्हतं? यंदा मोठा ताप आला ना, त्यात यांचं नाक गेलं, जिभेची चवही गेली. खारट-अळणी काही कळत नाही. मी म्हटलं, भावजींना सांगा. तर म्हणाले, मग तो मला बरोबर कशाला नेईल?"

बेकरीवाला पाव तसाच हातात घेऊन आत शिरला.

रंगारी मागच्या अंगणात ब्रश धूत बसला होता.

"चुकलो रे. पण एका शब्दानं सांगायचंस तरी!"

"सांगितलं असतं तर माझी कीव करत जेवला असतास." रंगाऱ्यानं ब्रश झटकला. "तुझ्या तोंडावर सगळं दिसतं. मासा ताजा असला की भुवया वर जातात. सूप बिघडलं की ओठ एका बाजूला ओढला जातो. तेवढं बघितलं की मला चव आठवायची. काल पोटभर जेवलो मी. कॉफीपर्यंत."

"पुढच्या वर्षी जाऊ. आईशप्पथ, फसवणार नाही. सगळं तोंडावर दाखवीन."

"दाखवशील रे. तेच तर. आता तू मला दाखवायला म्हणून तोंड करशील. त्यातलं खरं कुठलं, हे मी कसं ओळखू?"

बेकरीवाल्यानं कागद उलगडला आणि पाव पुढे केला. पाव अजून गरम होता.

"पहिला घास तुझा," रंगारी सवयीनं म्हणाला आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

बेकरीवाल्यानं तुकडा मोडून तोंडात टाकला. पाव चांगला झाला होता. पण भुवया वर न्याव्यात की आहेत तशाच ठेवाव्यात, हेच त्याला कळेना. तो नुसताच चावत राहिला. रंगाऱ्यानं थोडा वेळ वाट पाहिली, मग मान खाली घालून पुन्हा ब्रश धुवायला घेतले.