करवंटीचं विरजण

शून्य

यंत्र आलं. जर्मनीहून आलं. जुनं आलं. लाकडाचे साचे कापायचं यंत्र, शेजारी त्याचा संगणक. यंत्र धडधाकट. संगणक मुका. विकणाऱ्यानं डिस्क पुसून दिलेली. बनवणारी कंपनी बुडालेली.

सोबत एक सीडी. सीडीवर यंत्र चालवायचा प्रोग्राम. तो लिहिलाय बेर्टा नावाच्या भाषेत. बेर्टा संगणकाला समजावणारा दुभाषा, म्हणजे कंपायलर, तोही सीडीवर. तोही लिहिलाय बेर्टातच.

दुभाष्याला उठवायला दुभाषा हवा.

पुण्याचा इंजिनिअर आला. हसला. गेला.

एक

यंत्र मागवलं होतं गणपतरावांनी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत त्यांची ओतकामाची फाउंड्री होती आणि तिच्या पुढच्या अंगाला एक खोली होती. आत तुटके साचे, गंजके पत्रे आणि उंदीर. चंदनाचा डोळा त्या खोलीवर होता. संगणकाची पदवी घेतल्यापासून ती कारखान्याकारखान्यांतून फिरून बंद पडलेले संगणक चालू करून देत होती. आता बेंगळूरच्या कंपनीचं बोलावणं आलं होतं. वडील म्हणत होते, “इथं काय ठेवलंय? जा की.” तिला जायचं नव्हतं. तिला शिरोलीत स्वतःच्या नावाची पाटी लावायची होती.

गणपतरावांशी बोली सरळ झाली होती. यंत्र बोललं तर खोली तिची. नाही बोललं तर सोमवारी यंत्र भंगारात आणि ती बेंगळूरच्या गाडीत.

“पुण्याचा माणूस म्हणला, हे कोंबडी आधी का अंडं आधी असलं हाय,” गणपतराव म्हणाले. “तुझं काय म्हणणं?”

“काका, मी जैनाची पोर. मला अंड्यातलं काय विचारताय? दह्यातलं विचारा.”

मग तिनं मावशीच्या चौक्याचं सांगितलं. चातुर्मासात मुनीमहाराज गावात आले की रत्नाक्का मावशी त्यांच्या आहारासाठी वेगळा चौका, म्हणजे सोवळ्यातलं स्वयंपाकघर, लावायची. तिथं जुनं दही विरजणाला चालायचं नाही, बाहेरचं तर नाहीच. मग दह्याशिवाय दही लागणार कसं? मावशी नारळाच्या करवंटीचा स्वच्छ तुकडा कोमट दुधात टाकायची. दूध कसंबसं धरायचं, पाणचट आणि तार सुटलेलं. लहानपणी चंदनानं त्यात बोट बुडवलं तेव्हा मावशीनं हातावर फटका दिला होता. “हे ताटात यायचं न्हाय गं. विरजणापुरतं हाय.” त्यातलं चमचाभर घेऊन दुसरं लावायचं. ते दुसरं घट्ट.

“तशी मी एक करवंटी करते,” चंदना म्हणाली. “या संगणकाला सी भाषा येते, ती मी चढवलीय. सीमध्ये एक लहानसा प्रोग्राम लिहिते. त्याला सगळी बेर्टा कळणार न्हाय, दुभाषा उभा करण्यापुरती कळंल. उभा राहिला की तोच स्वतःला नव्यानं घडवंल.”

“आणि करवंटीत काय काय नसणार?”

“अपूर्णांक. दुभाष्याला उभं राहायला ते लागत न्हाईत. मी गाळलेत.”

“गाळ, गाळ,” गणपतराव म्हणाले. त्यांना त्यातलं यंत्र बोलणार एवढंच कळलं होतं.

रविवारी दुपार कलताना पहिला दुभाषा उभा राहिला. पडद्यावर त्याची खूण उमटली तेव्हा चंदनाला नवल वाटलं नाही. ती ते गृहीतच धरून होती. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून ती स्कूटीवर बसली आणि जाताना सांगून गेली, “कुणी हात लावू नका. उद्या पुढचं.”

स्कूटी वळणाआड गेली तशी गणपतरावांनी यंत्रावरच्या जोतीरामाला हाक मारली. दुभाषा उठलाय तर वाट कशाला बघायची? जोतीरामानं यंत्राचा प्रोग्राम दुभाष्याला दिला, सागवानाची फळी लावली, चाकाचा साचा मागितला. यंत्र फिरलं, झकास फिरलं, भुसा उडाला, गोल होत आला, होत आला, आणि भाकरीचा कोर कुणी मोडून न्यावा तसं शेवटच्या जागेवर

दोन

सोमवारी ती आली तेव्हा फाटकात बाळासो भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता.

“तुझं दही नासलं,” गणपतराव म्हणाले आणि त्यांनी न जुळलेलं चाक तिच्यापुढं टाकलं. “सागवान गेलं माझं.”

चंदनानं चाक उचललं. तोंड उघडं राहिलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि तिला हसू आलं.

“नासलं न्हाय काका. तुम्ही करवंटीचं दही ताटात घेतलं.”

“म्हंजे?”

“गोल काढायला पाय लागतो, गणितातला. तीन पूर्णांक चौदा आणि पुढं. माझ्या करवंटीला अपूर्णांक कळत न्हाईत, तिनं नुसते तीन ठेवले. तेवढा कोर कमी पडला.”

“मग दुसऱ्या दह्यात ते कुठनं येणार?”

“मूळ मजकुरात पुरे लिहिलेत की. करवंटीला वाचता आले न्हाईत. पहिल्या दुभाष्याला येतात. तो वाचंल आणि दुसऱ्यात भरंल.”

गणपतरावांनी चाक तिच्या हातून काढून घेतलं. मग फाटकाकडं वळून ओरडले, “बाळासो, थांब जरा. बाई दही लावत्यात.”

दहा वाजता चंदनानं दुभाष्याला त्याचाच मजकूर वाचायला दिला आणि सांगितलं, स्वतःला घडव. पडद्यावर ओळी सरकल्या. पंखा घरघरला. जोतीरामानं विचारलं, “लागलं का दही?” ती म्हणाली, “हलवू नका, म्हणजे लागंल.” नवा दुभाषा डिस्कवर येऊन बसला.

तीन

अकरा वाजता चंदनानं दुभाष्याला त्याचाच मजकूर वाचायला दिला आणि सांगितलं, स्वतःला घडव. पडद्यावर ओळी सरकल्या. पंखा घरघरला. जोतीरामानं विचारलं, “लागलं का दही?” ती म्हणाली, “हलवू नका, म्हणजे लागंल.” नवा दुभाषा डिस्कवर येऊन बसला.

आता दुसरा आणि तिसरा हुबेहूब सारखे निघायला हवे होते. दही जमलं याची खूण तीच. दुसऱ्यानं घडवलेला दुसऱ्यासारखाच निघाला की पुढं कितीही लावा, फरक पडत नाही. तिनं दोन्ही ताडून बघितले.

संगणक म्हणाला, एका जागी फरक आहे.

तिनं परत ताडून बघितलं. तोच फरक. फाटकात टेम्पोचं इंजिन चालू झालं होतं. तिनं ती जागा उघडली, वाचली आणि खुर्चीला पाठ टेकली. दुभाषा घडताना स्वतःच्या अंगावर जन्मवेळ लिहून ठेवत होता. दुसऱ्यावर दहा, तिसऱ्यावर अकरा. बाकी अक्षर अन् अक्षर तेच. तिनं यंत्राचा प्रोग्राम नव्या दुभाष्याला दिला.

“लावा फळी,” ती म्हणाली. “सागवान लावा.”

“आंब्याची लावतो,” गणपतराव म्हणाले.

“सागवान, काका.”

यंत्र फिरलं. निघालेल्या जागी परत आलं आणि थांबलं. गणपतरावांनी चाक हातात घेऊन कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, मग उलट्या बाजूनं. नख कुठं अडकलं नाही. ते चाक घेऊनच फाटकापाशी गेले.

“बाळासो, रिकामा जाऊ नगंस. पुढच्या खोलीत तुटकं-फुटकं हाय, सगळं भर. झाडून घे.”

आत चंदनानं आपला तो लहानसा प्रोग्राम शोधला आणि पुसून टाकला.

“पुसलासा व्हय ताई?” जोतीराम कळवळला. “परत लागला म्हंजे?”

“विरजणापुरता हुता. लागला तर परत करीन. कोल्हापुरात करवंट्यांना काय तोटा हाय?”