पहिल्या घरातलं शून्य

"सर, हा पेपर छापताना काही घोळ झाला होता का?"

नव्या मॅडमनी वही सरांपुढे सरकवली. सर आज निवृत्त होणार आणि उद्यापासून त्यांचे तास या मॅडमकडे जाणार, म्हणून सरांनी आपली वही कालच मोठ्या मनाने त्यांच्या हवाली केली होती. एकतीस वर्षांची वही. तिला सातवं कव्हर चालू होतं. "माझ्यापेक्षा त्या वहीला जास्त वेळा नवे कपडे मिळाले," असं सरांच्या बायकोचं म्हणणं होतं आणि ते खोडून काढण्याइतका पुरावा सरांकडे नव्हता.

सर कॉलेजात मॅट्रिक्स शिकवत. त्यातही त्यांचा जीव फोडीवर. आकड्यांचा चौकोन घ्यायचा, त्याचे दोन त्रिकोण करायचे. एकात कर्णाच्या वर सगळी शून्यं, दुसऱ्यात कर्णाच्या खाली. दोघांचा गुणाकार केला की मूळ चौकोन हजर. "पुलावरचा भार काढायचा असो की हवेचा अंदाज, गुंता मोठा असला की त्याचे आधी दोन सोपे तुकडे करा, मग एकेक पायरी उतरा," असं ते सांगत. पूल त्यांनी एकही बांधला नव्हता. मुलं त्यांना त्रिकोणसर म्हणत, आणि हे आपल्या गावीही नाही असं सर इमानेइतबारे दाखवत.

उदाहरण ठरलेलं. वरच्या ओळीत दोन, चार. खालच्या ओळीत सहा, पंधरा. मोठ्या उदाहरणात मुलं हरवतात, आणि खरं सांगायचं तर कधीकधी सरही. वर्गात तेच, चाचणीत तेच. मुलांना उत्तर पाठ, सरांना तर झोपेतही पाठ.

वहीत चिकटवलेल्या बावीस वर्षांपूर्वीच्या पेपरात मात्र पहिल्या घरात दोनाच्या जागी शून्य छापलेलं होतं.

"पहिल्या घरात शून्य म्हणजे शून्यानेच भागायची वेळ येते," मॅडम म्हणाल्या. "ही फोड होतच नाही. आधी ओळींची अदलाबदल करावी लागेल."

सर चष्मा पुसायला लागले.

"आणि इथे लिहिलंय, डिटर्मिनंट शून्य नसला की प्रत्येक मॅट्रिक्सची अशी फोड होतेच. तसं नाही ना सर?" मॅडम भल्या होत्या, खिडकीकडे बघून बोलत होत्या. "घाईत लिहिलं असेल."

"घाईतच."

एकतीस वर्षांची घाई.

"पण त्या वेळी कुणाच्याच लक्षात नाही आलं?"

"नाही," सर म्हणाले. पाठ केलेलं उत्तर यावं तसं ते चटकन आलं.

लक्षात आलं होतं. अठ्ठावन्न मुलांनी प्रश्न न वाचता पाठ केलेलं उत्तर उतरवलं, सरांनी प्रश्न न वाचता त्यांना पैकीच्या पैकी दिले. एका मुलीने तेवढा प्रश्न वाचला. ओळींची अदलाबदल केली आणि दीड ओळीत मोकळी झाली. सरांनी लाल शाईने लिहिलं, 'प्रश्न बदलू नये', आणि भोपळा दिला. ती वर्गात पेपर घेऊन उभी राहिली. "सर, पहिल्या घरात शून्य आहे."

सरांनी मान वर न करता म्हटलं, "पेपरात नाही, ते तुझ्या मार्कांत आहे. खाली बस."

वर्ग खो खो हसला. सरांच्या उभ्या नोकरीत मुलं आपणहून हसली ती या एकाच विनोदावर. असा ऐवज कोण टाकून देतो? पुढे दरवर्षी, हाच धडा आला की सर 'एका अतिशहाण्या मुलीचा' हा किस्सा सांगत. वर्ग दरवर्षी हसे.

ती अतिशहाणी मुलगी चार वर्षांनी त्याच कॉलेजात क्लार्क म्हणून लागली. तिचं टेबल ऑफिसच्या कोपऱ्यात होतं. कोपरा आणि सरांचा वर्ग यांच्यामध्ये प्लायवूडची एक फळी होती.

सर ऑफिसात गेले तेव्हा त्या क्लार्कबाई त्यांचंच मानपत्र टाईप करत होत्या.

"या सर. प्रिन्सिपॉलसाहेबांनी 'अचूक अध्यापन' लिहिलंय. 'अचूक'मधला चू दीर्घच ना?"

"दीर्घ," सर म्हणाले. "पण तो शब्दच काढा."

बाईंनी वर पाहिलं. सरांनी वहीतून सोडवून आणलेला पेपर टेबलावर ठेवला. बाईंनी तो पाहिला आणि पुन्हा त्यांच्याकडे सरकवला.

"तुझं बरोबर होतं," सर म्हणाले. आजवर ऑफिसात ते तिला अहो-जाहो करत.

"माहीत आहे सर. त्याच आठवड्यात लायब्ररीतल्या दुसऱ्या पुस्तकात बघितलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात, खाली बस. बसले."

सरांना फळीकडे बघवेना, पण बघितल्यावाचून राहवेना. "इथे... वर्गातलं ऐकू येतं?"

"शब्द नाही येत नीट. हसणं येतं. दर पावसाळा संपता संपता असतो तुमचा तो तास."

"माझ्यामुळे तुझं गणित सुटलं."

"छे हो. वडील गेले, नोकरी मिळाली, म्हणून सुटलं. तेवढा मोठेपणा घेऊ नका." बाई हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "बसा ना सर."

समोर रिकामी खुर्ची होती. सर उभेच राहिले. घंटा झाली तेव्हा उभ्याउभ्याच शेवटच्या तासाला गेले.

"सर, तो शून्याचा किस्सा सांगा ना," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. वरच्या वर्गातल्या मुलांनी सांगून ठेवलेलं असणार. मुलं सरसावून बसली.

सरांनी फळ्यावर चार आकडे लिहिले. शून्य, चार. सहा, पंधरा.

"याची फोड करून पैकीच्या पैकी मिळवणारी अठ्ठावन्न मुलं होती," सर म्हणाले. आवाज जरा चढाच होता. पहिल्या बाकावरची मुलगी दचकली. "ती चुकली होती. मी चुकलो होतो. एकीला भोपळा मिळाला, तिचं बरोबर होतं. मी तिला खाली बसवलं आणि बावीस वर्षं तुमच्यासारख्यांना हसवलं."

मुलं विनोदाची वाट बघत राहिली. तो येईना, तेव्हा एकमेकांकडे बघायला लागली. कुणी हसलं नाही.

सर फळ्याकडे वळले आणि शून्याची ओळ पुसून खाली लिहायला लागले.

प्लायवूडच्या पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी उभं राहिलं होतं.